बाईसाहेबांच्या रंगांना हात लावल्याबद्दल

विलायतेहून कैदी आणून सोडतात त्या आमच्या होबार्ट टाऊनच्या मुलखात कैद्याने दोन गोष्टी कटाक्षाने टाळाव्यात. एक म्हणजे पळून जाणं, आणि दुसरी म्हणजे कामात चांगलं असणं. पळालेला माणूस आठ दिवसांत उपाशी परत येतो, फटके खातो आणि विषय मिटतो. कामात चांगला असलेल्याची शिक्षा मात्र संपता संपत नाही. अँब्रोज लेडिक कधी पळाला नाही. त्याने दुसरा गुन्हा केला.

आमचा कायदा कागदावर फार गोड आहे. चौदा वर्षांची शिक्षा झालेल्या कैद्याने एकाच धन्याकडे सहा वर्षं नीट काढावीत, धन्याने चालचलणुकीचा दाखला द्यावा, मग कैदी खातं त्याला मोकळिकीची चिठ्ठी देतं. चिठ्ठी हातात आली की माणूस मनाजोगतं काम करू शकतो, खोली घेऊ शकतो, लग्न करू शकतो. हा कायदा लंडनमध्ये ज्या कोणी केला त्याला एवढंच सुचलं नाही, की चांगल्या गड्याला चांगला दाखला देऊन हातचा घालवील असा धनी अजून जन्माला यायचाय. आमच्याकडे तबेल्यात ओबेडाया पिम होता. घोड्याला पाणी पाजायला नेई आणि स्वतः पिऊन येई. दोन घोडी लंगडी केली, एक गाडी नदीत घातली. सहा वर्षं भरायला महिना असतानाच थिर्कलसाहेबांनी त्याचा दाखला लिहून तयार ठेवला होता: शांत, होतकरू, प्रामाणिक. पिम आता नदीकाठी स्वतःच्या झोपडीत राहतो आणि प्रामाणिकपणे पितो.

मी होनोरा स्कली, थिर्कलांच्या घरची स्वयंपाकीण. आयर्लंडात, कॉर्कमध्ये एका बाईची शाल माझ्या खांद्यावर सापडली, त्याबद्दल सात वर्षं. ती भरून मी सुटले, तरी त्याच चुलीपुढे बसून राहिले. का, ते पुढे कळेलच, आणि मला त्याची लाजही नाही.

थिर्कलसाहेब मायदेशी मेणबत्त्या करत. इथे येऊन दोन हजार एकर मिळाले आणि ते एकदम खानदानी झाले. घराला नाव ठेवलं थिर्कल हॉल. हॉल म्हणजे मायदेशी हवेली; इथे मातीच्या जमिनीच्या चार खोल्या. पाऊस आला की माझ्या स्वयंपाकघरात बेडूक येत. पण खानदानी घरातल्या बाईला एखादी कला हवी. पियानो बोटीतून येताना भिजला होता. बाईसाहेबांनी मग रंगांची पेटी मागवली.

लेडिक आला तो बटाट्याच्या शेतावर. बर्मिंगहॅममध्ये तो तबकांवर फुलं आणि देखावे रंगवायचा, पुढे त्याच हाताने नोटा काढू लागला. पकडला गेला तो नोटेत खोट होती म्हणून नव्हे. खऱ्या नोटेवरच्या बाईचा चेहरा त्याला बरा वाटला नाही, म्हणून त्याने तो सुधारला होता. हे त्याने मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि वर विचारलं, "तूच सांग नोरा, इतकं वाईट नाक मी कसं काढणार होतो?"

"न काढल्याने इथे आलास," मी म्हणाले. "बटाटे सोल."

एकदा बाईसाहेब अंगणात बसून डोंगराचं चित्र काढत होत्या. डोंगर उकडलेल्या पुडिंगासारखा झाला होता. लेडिक पाण्याच्या बादल्या घेऊन चालला होता. तो थांबला, चित्राकडे बघून अक्षरशः कळवळला, आणि म्हणाला, "बाईसाहेब, सावली या बाजूला हवी." दुसऱ्या दिवसापासून त्याच्या बादल्या सुटल्या आणि तो कायमचा अडकला.

घरामागे कोठाराशेजारी एक खोली होती, तिथे बसून तो रंगवी. खाली कोपऱ्यात बाईसाहेब आपलं नाव घालत. तेवढं मात्र त्या स्वतः घालत, हे कबूल केलं पाहिजे. वर्षभरात सगळ्या जिल्ह्यात बोलबाला झाला. जमीनदारांना मायदेशी पाठवायला आपापल्या घरांची चित्रं हवी असत. घर जरा मोठं, धुराडी दोन जास्त, मेंढ्यांच्या जागी हरणं. आणि एक गोष्ट सगळेच बजावून सांगत: चित्रात कैदी नको. ज्याने वीट भाजली तो नको, ज्याने भिंत रचली तो नको, ज्याने झाडं तोडली तोही नको. लेडिक आमची माणसं इतक्या सफाईने गाळायचा, की ती घरं आपोआप उगवली असावीत असं वाटे.

पण चेहऱ्यांत तो कुणाला सोडत नसे. मॅजिस्ट्रेट बॅगशॉसाहेबांचं चित्र काढलं तेव्हा त्यांचा हलकटपणा त्यांच्या खालच्या ओठावर असा आणून ठेवला, की मी चहाचं तबक घेऊन आत गेले आणि चित्रालाच नमस्कार करून बसले. साहेबांना ते करारीपणाचं लक्षण वाटलं. चित्र त्यांनी कचेरीत खुर्चीच्या वरच टांगलं.

सहावं वर्ष सरत आलं. लेडिकने आणि मी ठरवलं होतं. चिठ्ठी मिळाली की होबार्टात एक खोली, दारावर त्याच्या नावाची पाटी, आणि आत मी. म्हणून तर मी त्या चुलीपाशी टिकून होते. लेडिकने टोपी हातात धरून साहेबांना दाखल्याची आठवण केली. साहेब म्हणाले, "बघू या." चौथ्या दिवशी शिपाई आला आणि त्याने लेडिकला बॅगशॉसाहेबांपुढे उभं केलं. आरोप वाचला गेला: बाईसाहेबांच्या रंगांना परवानगीवाचून हात लावला.

मी साक्षीला गेले होते. मला कुणी विचारलं नाही. बॅगशॉसाहेब लेडिकनेच काढलेल्या चित्राखाली बसले होते. वर एक ओठ, खाली एक ओठ.

"एवढी गुणी बाई," साहेब म्हणाले, "आणि तिच्या पेटीला असले हात? काही बोलायचं आहे?"

लेडिक वर चित्राकडे बघत राहिला. मला वाटलं आता हा बोलणार आणि मरणार. तो म्हणाला, "नाही साहेब."

पस्तीस फटके, आणि चिठ्ठी एक वर्ष लांबणीवर. आठवड्याने बाईसाहेबांनीच त्याला मलम दिलं. उजव्या खांद्याला जास्त लावायला सांगितलं.

त्याच्या पाठीला मलम लावताना माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "लेडिक," मी म्हणाले, "तू वाईट चित्रं काढ."

"म्हणजे?"

"म्हणजे वाईट. पिमने घोडी लंगडी केली, तू माणसं लंगडी कर. बाईची चारचौघांत फजिती झाली की तुझी गरज संपली. दाखला आपोआप येईल."

त्याला पटलं. बिचाऱ्याने मनापासून प्रयत्न केला. एका जमीनदाराच्या घोडीचे मागचे पाय बिघडवून ठेवले. सकाळी मी चहा घेऊन गेले तर हा आधीच उठून ते दुरुस्त करत बसलेला.

"नोरा, घोडीला दुखत होतं ग," म्हणाला.

मग डाव्या हाताने काढून पाहिलं. तेही बरं आलं, आणि हा खूश. मला ते पाहून इतका संताप आला की मी हातातला मेंढीचा खूर त्याच्या अंगावर फेकला. माणूस फटके सोसेल, बेड्या सोसेल, पण एक वाकडा गुडघा याला सोसवत नाही. असल्या माणसावर जीव जडावा, हेही माझ्याच कपाळी.

असे आठ महिने गेले आणि मोठं काम आलं. कैदी खात्याच्या बड्या साहेबांची बायको, वेदरेलबाई, हिला थिर्कलबाईंकडून आपलं चित्र हवं होतं. समोर बसून. बाईसाहेबांनी तोड काढली: त्या चित्राच्या फळ्यामागे बसून ब्रश हलवणार, अपुरं चित्र कुणाला दाखवत नाही म्हणून सांगणार, आणि लेडिक रंगांची पेटी धरून शेजारी उभा राहून पाहणार. पाहुणी गेली की खरं काम.

पहिल्या बैठकीनंतर मी त्याला कोठारामागे गाठलं. "हे बघ, याहून चांगली वेळ येणार नाही. ही बाई रागावली तर थिर्कलबाई उभ्या गावात तोंड दाखवायची नाही. हे चित्र वाईट झालं पाहिजे."

"तिचा चेहरा फार चांगला आहे नोरा. थकलेला आहे. डोळ्यांखाली जे आहे ना..."

"पिमने मला मागणी घातली आहे," मी म्हणाले. हे खरं होतं. पिम दर रविवारी मागणी घाली, मला नाहीतर जी समोर असेल तिला. "त्याच्याकडे झोपडी आहे, चिठ्ठी आहे. तू काय ते ठरव."

पिमशी मी मेले तरी लग्न केलं नसतं. पण हे लेडिकला सांगायची ती वेळ नव्हती.

तो नऊ दिवस त्या खोलीत होता. जेवण तसंच परत येई. दहाव्या दिवशी मी चित्र पाहिलं. गुळगुळीत, गुलाबी, सोललेल्या अंड्यासारखं तोंड. थकवा नाही, वय नाही, डोळ्यांत काही म्हणजे काही नाही. डावा डोळा तर कुठे पाहतोय तेच कळेना. हात म्हणजे भरलेले मोजे. लेडिक भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी म्हणाले, "शाबास."

वेदरेलबाई आल्या. चित्रावरचा कपडा काढला. मी दाराआड जीव मुठीत धरून उभी. बाई बराच वेळ बघत राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी अशी दिसते?" त्या म्हणाल्या. "मला आजवर कुणी असं पाहिलंच नाही."

पंधरा दिवसांत जिल्ह्यातल्या झाडून सगळ्या बायकांना तसंच चित्र हवं झालं. पूर्वीची चित्रं जरा कठोर वाटत, आता थिर्कलबाईंचा हात खरा बसला, असं जो तो म्हणू लागला. मी डोक्याला हात लावला. फजिती करायला गेलो आणि आम्ही त्या बाईला अमर करून ठेवलं. लेडिकला आता मरेपर्यंत अंडी रंगवायला लागणार होती, आणि हा खड्डा मीच खणला होता. त्या दोन आठवड्यांत मला त्याच्या नजरेला नजर देववेना.

पण थिर्कलबाई काही मूर्ख नव्हत्या. एके सकाळी त्या लेडिकचं तसलंच एक नवं चित्र समोर ठेवून बसल्या आणि मला म्हणाल्या, "होनोरा, यात एवढं कठीण काय आहे?"

"काहीच नाही बाईसाहेब," मी म्हणाले. आयुष्यात त्यांना सांगितलेलं हे पहिलं खरं.

त्यांनी स्वतः ब्रश घेतला. पहिल्या अंड्याला आठवडा लागला, दुसऱ्याला तीन दिवस. कुणाला फरक कळला नाही, कारण फरक नव्हताच. महिन्याभरात लेडिक शेण उपसायला लागला, आणि दुसऱ्या महिन्यात बाईसाहेबांना तो नुसता अंगणात दिसला तरी खुपू लागला. नवऱ्याला म्हणाल्या, "हा माणूस बघतो कसा तरी." लांबणीवर पडलेलं वर्षही तोवर भरलं होतं; साहेबांनी त्याच दिवशी दाखला लिहिला. शांत, होतकरू, प्रामाणिक. आणि बाईंनी शेजारी उभं राहून एक ओळ वाढवायला लावली: चित्रकलेचं अंग नाही, भिंतींना सफेदी करू शकतो.

दाखला घेऊन आम्ही दोघं चौदा मैल चालत होबार्टला आलो. कैदी खात्याच्या कचेरीत कारकुनाने चिठ्ठी भरायला घेतली. नाव, बोट, शिक्षा. मग विचारलं, "धंदा?"

"चित्रकार," लेडिक म्हणाला.

मी त्याची बाही धरली. कारकुनाने दाखला पुन्हा वाचला आणि लेखणी खाली ठेवली.

"इथे सफेदीवाला लिहिलंय. धनी खोटं लिहितो म्हणतोस? तसं असेल तर दाखलाच परत पाठवतो."

कारकुनाच्या पाठीमागच्या भिंतीवर, सोनेरी चौकटीत, वेदरेलबाई टांगलेल्या होत्या. ते पहिलंच चित्र. लेडिकच्या हातचं.

कारकुनाने मान न वळवता अंगठ्याने मागे दाखवलं. "चित्र त्याला म्हणतात. तसं जमेल तुला?"

मी बाही इतकी घट्ट धरली की शिवण उसवली. तो म्हणाला असता हे माझंच आहे, तर बाईवर आळ घेतला म्हणून पुन्हा बॅगशॉसाहेबांपुढे, आणि तिथून खाणीवर. तो त्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा मला आजही आठवतो. तसला चेहरा तो स्वतः फार चांगला काढायचा.

"नाही साहेब," तो म्हणाला. "तसं माझ्या हातून व्हायचं नाही."

"मग?"

"सफेदी करतो साहेब."

कारकून खूश झाला. सुवाच्य अक्षरात सफेदीवाला लिहिलं, शिक्का मारला, आणि कैद्याने आपली पायरी ओळखली म्हणजे सगळं सोपं होतं, असं दोन शब्दांत आम्हाला समजावलं.

बाहेर ऊन होतं. माझ्या हातात ती चिठ्ठी होती, शेजारी माझा माणूस होता, आणि मला नाचावंसं वाटत होतं. तो पायऱ्यांवर बसला. मी म्हणाले, "ऊठ ना, पाद्रीबाबांकडे जायचंय."

"नोरा," तो म्हणाला, "तो डोळा... मला पाच मिनिटं आत बसू दिलं असतं ना, तर मी नीट करून दिला असता."

आणि फटके खाताना ज्याने हूं केलं नव्हतं, तो माणूस भर रस्त्यात तोंड झाकून रडायला लागला.