आईच्या फोनमधली सायकल

आईला स्मार्टफोन घेऊन दिला तेव्हा ती साठीला टेकली होती. लोणच्यांचे व्हिडिओ बघता बघता एकदा मध्येच साडीतल्या बाईनं सायकल चालवल्याची जाहिरात आली. आई ती शेवटपर्यंत बघत बसली. तिथून फोननं तिचा पिच्छाच सोडला नाही. गुलाबी सायकली, टोपलीवाल्या सायकली, सायकलवर बसलेल्या नऊवारीतल्या आजीबाई. ‘ऑफरचा आज शेवटचा दिवस’ असं वाचून ती दिवसभर बेचैन व्हायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शेवटचाच दिवस उजाडायचा.

मी धाराशिवला नोकरी करतो. रविवारी तामलवाडीला घरी गेलो की आई फोन पुढं करायची. आजकाल सगळ्याच बाया सायकल चालवतात, आपणच मागं राहिलो, असं तिचं म्हणणं. तू बघत बसतेस म्हणून फोन तुलाच ते दाखवतो, असं मी समजावलं. तिला पटेना, म्हणून वडिलांचा फोन आणला. त्यात शेळ्या आणि ठिबकच्या नळ्या. माझ्या फोनात केस उगवायचं तेल. आई माझ्या डोक्याकडं बघून हसली. मग तिनं आपला फोन परत हातात घेतला.

“म्हंजी मला काय पायजे, हे त्याला कळलं,” ती म्हणाली. “तुमा दोघांना एवढ्या वर्षांत कळलं न्हाय.”

वडील उगाच चष्मा पुसत राहिले. लहानपणी भावाची सायकल नुसती हातात धरली म्हणून तिला ओरडा बसला होता, हे आम्हाला त्या दिवशी पहिल्यांदा समजलं.

पुढच्या रविवारी तिला तुळजापूरच्या दुकानात नेलं. जाहिरातीतली गुलाबी सायकल तिथं होती. आई हौसेनं बसली, पण पाय जमिनीला टेकेनात. होईल सवय, असं दुकानदार सांगत होता. आई उतरली आणि तिनं कोपऱ्यातली बुटकी निळी सायकल काढायला लावली. टोपली तेवढी वेगळी बसवून घेतली.

मग शाळेच्या मैदानावर शिकवणी सुरू झाली. वडील मागं कॅरिअर धरून पळायचे आणि तिच्यापेक्षा जास्त धापा टाकायचे. एकदा ती पडली, कोपर खरचटलं, तरी ऐकेना.

एका रविवारी संध्याकाळी ती म्हणाली, “सोडा आता.”

वडिलांनी हात काढला. पदर खोचलेली आई थेट मैदानाच्या टोकापर्यंत गेली. वळायचं कसं, हे शिकवायचं राहूनच गेलं होतं. ती तिथं उतरली, सायकल हातानं फिरवून तोंड आमच्याकडं केलं आणि परत बसली.