सुई भुईगावहून यायची

"ट्युबरक्युलोसिस," डॉक्टर माझा एक्स-रे उजेडाला धरून म्हणाले. म्हणजे क्षय. मी सासूबाईंकडे पाहिलं, त्यांनी माझ्याकडे, आणि दोघी एकदमच रडायला लागलो. डॉक्टरांनी आम्हाला मनसोक्त रडू दिलं, मग बजावलं, "बरा होणारा आजार आहे. पण रोजचं इंजेक्शन एकदाही चुकवायचं नाही. मध्येच सोडलंत तर जंतू शेफारतात, मग औषधालाही जुमानत नाहीत."

इंजेक्शन स्ट्रेप्टोमायसिनचं, म्हणजे क्षयाचे जंतू मारणाऱ्या औषधाचं. ते द्यायला भुईगावहून मोनिकाबाई नर्स आमच्या निर्मळच्या घरी चालत यायच्या. टोचायला लागायचा एक क्षण. पण आधी काचेची सिरिंज उकळायला हवी, आणि आमची चूल नेमकी तेव्हाच भातात अडकलेली. म्हणून बाई बसायच्या.

बसलेली नर्स म्हणजे आळीला पर्वणीच! माझ्या खोकल्याच्या धास्तीने जे शेजारी कुंपणाबाहेरूनच चौकशी करून पळायचे, ते आता अंगणात रांग लावू लागले. "बाय, आल्याच आहात तर माझा कान बघा." "आल्याच आहात तर पोराचं गळू बघा." एका आजोबांनी तर लंगडणारी म्हैसच आणून उभी केली. बाईंनी तिचाही पाय बघितला. वर सासूबाई आग्रह करकरून चहा पाजायच्या. केवढी सरबराई करतो आपण, असं आम्हाला वाटायचं.

एके दिवशी सुई टोचून झाल्यावर बाई म्हणाल्या, "उद्यापासून दुसरी नर्स बघा. मला पैसे मिळतात सुईचे. चपला झिजवायचे नाहीत, की बसून राहायचे नाहीत. तुमच्यानंतर मला अजून घरं असतात."

आसपास दुसरी नर्स नव्हती. डॉक्टरांचे ते शेफारलेले जंतू डोळ्यांपुढे नाचू लागले. सासूबाई म्हणाल्या, "बाय, चहा टाकू?"

"अहो, त्या चहानेच तर उशीर होतो!"

"मीच आले तुमच्याकडे तर?" मी विचारलं. डॉक्टरांनी एव्हाना मला थोडं चालायला सांगितलंच होतं.

"या. पण मी बाहेर पडायच्या आत."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी निघालो. निघताना सासूबाईंनी मला धरलं होतं. भुईगाव आलं तेव्हा मीच त्यांना धरलं होतं. केळीच्या वाड्यांमधली वाट संपता संपेना. त्यांना चप्पल चावली. "ही बाय रोज एवढं चालते?" त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

बाईंची चूल भाकरीत अडकलेली. "बसा," त्या म्हणाल्या आणि वालाच्या शेंगांनी भरलेलं सूप पुढे सरकवलं. "आल्याच आहात तर एवढं सोला."

सासूबाई सोलत बसल्या.

पुढे रोज भुईगावला जाऊनच कोर्स पुरा झाला, एक्स-रे स्वच्छ आला. तुमच्यावर अशी वेळ आली तर घाबरू नका, सुई चुकवू नका, आणि नर्स यायच्या आत सिरिंजसाठी पाणी उकळत ठेवा. मी आज उभी आहे ती औषधाने आणि बाईंच्या पायांनी. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

तरी त्यांना आम्ही जेवायला बोलावलं. पहिला घास घेतात न घेतात तोच शेजारीण कान धरून अंगणात हजर. "बाय आल्याच आहेत तर..."

सासूबाई हातातल्या पळीसकट दारात उभ्या राहिल्या. "बाय जेवायला आलीय. कान दाखवायचा असेल तर भुईगावला जा. चालत. आणि वाल सोलायची तयारी ठेव."