पारबतामावशींची पुडी

आज दुकान अर्ध्यावरच बंद करून आलो. लाज वाटतेय, तरी लिहितो.

दिग्रसजवळच्या आमच्या गावात माझं मेडिकल आहे. दुपारी पारबतामावशी आल्या, डावा हात गळ्यात बांधलेला. अंगणात उभ्याउभ्या तोल गेला आणि तेवढ्यानंच खांद्याचं हाड मोडलं म्हणे.

कापसाचे भाव पडले, वेचणीला बाया लावणं परवडेना, तेव्हापासून साठी उलटलेल्या मावशी स्वतःच वेचतात. गुडघे सुजले की माझ्याकडे यायच्या. मी चिठ्ठी न मागता स्टिरॉइडच्या गोळ्या पुडीत बांधून द्यायचो. दुसऱ्या दिवशी त्या चालायला लागायच्या. "तुह्या हाताले गुन हाय," म्हणायच्या. असं चार वर्षं चाललं.

या गोळ्यांनी हाडं ठिसूळ होतात, हे मी शिकलोय. पण कौतुक गोड लागायचं.

आज मावशींनी डॉक्टरची चिठ्ठी पुढे केली. गोळ्या एकदम बंद न करता हळूहळू कमी करायच्या, असं लिहिलं होतं. मग बाकीच्या गिऱ्हाइकांकडे बघून त्या हळूच म्हणाल्या, "कोनं देल्या म्हून डाक्टरनं लय इचारलं. पन म्या तुह्यं नाव नाही सांगतलं, बापू."

मी बाकीच्या गिऱ्हाइकांना उद्या या म्हणालो आणि शटर ओढलं.

तुमच्या आईच्या उशाशी अशी बिननावाची पुडी आहे का? असेल तर ती घेऊन उद्याच डॉक्टरकडे जा. आणि देणाऱ्याचं नाव सांगा. माझं कोणीतरी चार वर्षांपूर्वीच सांगायला पाहिजे होतं.