दोन पेरं बोट

कुंडीमामांच्या उजव्या तर्जनीच्या नखात कायम माती असे. रेल्वेत पॉइंट्समन म्हणून उभी हयात घालवून ते रिटायर झाले आणि पूर्ण्याच्या घराच्या ओट्यावर तेलाच्या डब्यांत, फुटक्या बादल्यांत झाडं लावत बसले. कुणाकडेही गेले, की चहा येण्याआधी तिथल्या कुंडीत ते बोट खुपसत. शाळेतल्या नोकरीसाठी मी त्यांच्या माडीवर भाड्याने राहायला गेले, तेव्हा माझ्या एकुलत्या एका झाडालाही त्या बोटाने सोडलं नाही.

रंगाच्या जुन्या डब्यात लावलेला तो आईचा मनीप्लांट. पोखर्णीला असताना दवाखान्याच्या खिडकीतून तिने त्याची काडी चोरून आणली होती. मागून आणलेला वेल लागत नाही, चोरलेलाच लागतो, असं ती म्हणायची. आई गेल्यावर घरातून मी तेवढा डबा घेतला. झाडातलं मला ओ की ठो कळत नव्हतं. मी रोज तांब्याभर पाणी ओतायचे, पानं पिवळी पडली की दोन तांबे.

"बाई, तुमी ह्याला बुडवायलाय," मामा म्हणाले. "दोन पेरं बोट घाला. कोरडं लागलं तरच पाणी. तहानलेलं झाड वाचतंय, बुडालेलं वाचत न्हाई."

त्यांनी खिळा ठोकून डब्याच्या बुडाला भोकं पाडली, डबा उन्हातून उचलून दाराआड उजेडात ठेवला, पानं ओल्या फडक्याने पुसायला शिकवलं. महिन्याभराने नवं पान फुटलं तेव्हा मी त्यांच्यासमोरच रडले.

मामा कुणाची भीड ठेवत नसत. शेजाऱ्यांचा गुलाब वाळला तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं, "रोगबिग काई न्हाई, तुमीच मारला त्याला." म्हणून तर माझा त्यांच्यावर डोळे मिटून भरवसा.

पुढच्या मे महिन्यात बहिणीचं बाळंतपण आलं. आई नव्हती, मलाच जावं लागलं. वेल मामांच्या हवाली केला. महिन्याने परतले तर डब्यात हिरवागार, दांडगा वेल. मी मामांच्या पाया पडले आणि त्यांनी पाया पडू दिलं. पुढे त्याचीच फांदी मी बहिणीकडे नेली, 'आई आली गं तुझ्या घरी' म्हणून.

तीन वर्षांनी मामा-मामी लेकाकडे कायमचे निघाले. भांडी बांधताना मामी सहज बोलून गेल्या, "तुमच्या आईचा येल गेला नव्हं त्या उन्हाळ्यात, तवा ह्यांनी दोन दिस घास घेतला न्हाई." मला ठाऊक असेल असंच त्यांना वाटत होतं.

मी ओट्यावर गेले. आतलं बोलणं मामांनी ऐकलं होतं, त्यांनी मान वर केली नाही. "ऊन लय होतं. वाटलं, बाईंच्या आईचा हाय, सुकू नये. दोन टायमाला पाणी घालत गेलो. बोट घातलंच न्हाई."

वेल मेला याचा राग नव्हता. तसा मीही मारलाच असता. पण तीन वर्षं मी सकाळी कुणाची पानं पुसत होते, कुणाला आई म्हणून बोलत होते? आणि हा माणूस खालून ते ऐकत होता. ते मी तसंच म्हणाले.

"आत्ताचा बी तुमच्या आईचाच हाय," मामा म्हणाले. "तुमी आल्या आल्याच एक काडी चोरली होती मी. चोरलेलीच लागती म्हणून इचारलं न्हाई. तीच वाढवून लावली."

तसं घडलंही असेल. आपल्याकडे मनीप्लांट असाच घरोघरी जातो. पण तीन वर्षं खोटं सांभाळलेल्या माणसाचं खरं तरी कसं मानायचं? मी निरोपाला खाली गेले नाही. माडीवरून रिक्षा वळताना पाहिली. आज त्या गोष्टीलाही दोन वर्षं होतील. बहिणीला मी अजून काही सांगितलेलं नाही.

वेल जोमात आहे. रोज सकाळी त्यात दोन पेरं बोट घालते. माती ओली की कोरडी एवढंच कळतं. पाणी मात्र मोजूनच घालते. आईचा असला तर मरायला नको.