टर्फखाली गेलेलं मैदान

साधना मॅडमला राग यायला वेळ लागत नाही, असं मखमलाबादेत सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. राग यायला तिला फार वेळ लागतो, आलेला जायला त्याहून जास्त लागतो, एवढंच. आणि यंदाच्या अक्षय तृतीयेला जो आला तो न येता तर नवल होतं.

निफाडच्या शाळेत असल्यापासून ती खो-खो खेळायची. जिल्ह्याच्या संघात होती, खांबावरून सूर मारून समोरचीला बाद करण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लग्न झालं आणि सासऱ्यांनी, म्हणजे पुंजाराम आबांनी, हळद उतरायच्या आत सांगून टाकलं की सुनेनं असं चारचौघांत पळायचं नाही. मग ती शिकली, शाळेत खेळाची शिक्षिका झाली, आणि एका उन्हाळ्यात तिने आबांकडे घराशेजारचा तुकडा मागितला. पूर्वी तिथे झेंडूचे वाफे होते. बंगला बांधल्यावर उरलेलं डबर तिथेच पडून होतं. चार दिवसांचं खूळ असेल म्हणून आबांनी मान डोलावली.

खूळ टिकलं. डबर तिने स्वतः उचललं, लाल माती आणून चाळली, पसरली. रोज संध्याकाळी पाणी मारायचं, रोलर फिरवायचा, फक्कीने चौक आखायचे. माती किती दाबायची आणि किती मोकळी ठेवायची हे तिला पायांनी कळायचं. मळ्यांत राबणाऱ्यांच्या मुली शाळा सुटली की तिथे यायच्या, अनवाणी पळायच्या, पडायच्या, माती झटकून उठायच्या. त्यातल्या काही राज्याच्या स्पर्धेपर्यंत गेल्या. तिचं स्वतःचं म्हणावं असं त्या घरात दुसरं काहीच नव्हतं.

एप्रिलमध्ये ती मुलींना घेऊन मनमाडला शिबिराला गेली. परत आली तर मैदान हिरवंगार. नवऱ्याने, समर्थने, तिला सरप्राइज दिलं होतं. माती खणून काढली, काँक्रीट ओतलं, वर प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि त्यात रबराचे काळे दाणे भुरभुरले. समर्थ वाईट माणूस नाही, हीच तर खरी पंचाईत. भाजीचा व्यापार करणारा, मार्केटात कोथिंबिरीची जुडी नाकाला लावल्याशिवाय न घेणारा हा माणूस, आणि टर्फ बसवणाऱ्या राजूने पावसात चिखल होणार नाही असं म्हटल्याबरोबर हो म्हणून मोकळा झाला. आबांनीही हौसेने साथ दिली. मातीत जन्म काढलेल्या दोन पुरुषांनी मातीवर प्लास्टिकचं गवत अंथरलं आणि दोघांपैकी एकालाही हसू आलं नाही!

साधनाने त्याच संध्याकाळी समर्थला समजावलं. हे उन्हाने तापतं, सूर मारला की गुडघे सोलून निघतील, पावसाळ्यात खाली पाणी कुजेल. तो म्हणाला, पाइपने पाणी मारू, होईल सवय. आजूबाजूच्या बायका तर येऊन तिचंच कौतुक करून गेल्या, की नशीब काढलंस, नवऱ्याने बायकोसाठी केवढं केलं. आता अशा वेळी बाईने रागवायचं तरी कुणावर? ती दात आवळून चहा करत राहिली.

उद्घाटन अक्षय तृतीयेला, भर दुपारच्या मुहूर्तावर. कडेने वळवाचं आभाळ दाटून आलं होतं, तरी डोक्यावरचं ऊन हटत नव्हतं. वारा पडला होता आणि सदरे पाठीला चिकटले होते. पूजा म्हटल्यावर चपला बाहेर काढणं आलं. गुरुजी, आबा, भावकी, संघाच्या मुली, सगळे अनवाणी त्या हिरवळीवर चढले आणि तव्यावर पाय पडल्यासारखे उड्या मारू लागले. गुरुजी धोतर सावरत मांडवाच्या सावलीत पळाले. राजूने लगबगीने पाइप सोडला, तर अंगावर गरम वाफ आली आणि जळक्या रबराचा वास सुटला. नटून आलेली माणसं पाय चोळत हसत होती. मुली हसत नव्हत्या. खो-खोत चौकात बसून तळहात जमिनीला टेकावे लागतात, ते त्यांना ठाऊक होतं.

साधना मात्र मधोमध उभी राहिली. तळवे भाजत होते, पण हलली नाही. कोणीतरी म्हणालं, मॅडम, दोन शब्द बोला.

"माती कुठे टाकली?" तिने विचारलं.

समर्थने राजूकडे पाहिलं. राजू म्हणाला, "भरावाला गेली ना मॅडम. पलीकडं साइट चालूय, तिथं."

इतक्या वर्षांची चाळलेली, भिजवलेली, दाबलेली माती कुणाच्या तरी पार्किंगखाली गेली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं.

समर्थ सावलीतूनच हलक्या आवाजात म्हणाला, "तुला नको होतं तर आधी सांगायचं ना."

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. उद्या ब्रेकर मागवा. हे सगळं फोडायचंय."

भावकीसमोर सून असं बोलते म्हटल्यावर आबांचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "काय फोडायचं नाय," ते म्हणाले. "जागा माझी हाय."

"जागा तुमचीच आहे, आबा," साधना म्हणाली. "मैदान माझं होतं."

तिने मुलींना चपला घालायला सांगितल्या आणि त्यांना घेऊन ती फाटकाबाहेर पडली.