कादिर परकारची पहिली सुट्टी

जेद्दाच्या स्पेअर पार्ट बाजारात कादिर परकारला कधी कॅटलॉग उघडावा लागला नाही. गिऱ्हाईक काळ्या ऑइलात माखलेला तुटका तुकडा काउंटरवर ठेवायचं. कादिरभाई त्यावर अंगठा फिरवायचे आणि गाडी कुठली, कुठल्या सालची, पार्ट डाव्या बाजूचा की उजव्या, सगळं सांगायचे. चोवीस वर्षं हेच काम. दाभोळच्या खाडीकाठचा माणूस, दहावीला दोनदा बसलेला. पण अरबी, उर्दू, मल्याळी, बंगाली, ज्याची जी भाषा तीत त्याच्याशी बोलायचे.

जानेवारी २०१९मध्ये सौदीकरणाची पाळी पार्टच्या दुकानांवर आली. शंभर माणसांत सत्तर सौदी हवीत, असा नियम झाला. काउंटरवर तीन सौदी तरुण आले. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांचा देश, त्यांची बेकारी, त्यांनी काम का करू नये? माझा राग होता तो शिकवणाऱ्यालाच लपवून ठेवणाऱ्यांवर. कादिरभाईंची रवानगी मागच्या गोदामात झाली. इकाम्यावर, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्यावर, 'सेल्समन' होतं तिथं 'हमाल' आलं. पार्ट सापडला नाही की पोरं मागच्या दाराशी येऊन विचारायची आणि कादिरभाई आतून नंबर सांगायचे. तपासणीवाले आले की ते दारही बंद. मग बावन्न वर्षांचा माणूस रेडिएटरच्या खोक्यांमध्ये खोकला दाबून बसून राहायचा.

मी जेद्दातच, अल अझीझिया भागात एसी दुरुस्त करतो. शाळा आठवीत सुटली, पण इथला कामगार कायदा मी कलमासकट वाचलाय, आणि दीडशेच्या वर अर्ज स्वतःच्या हातानं लिहिलेत. मी त्यांना म्हणालो, अर्ज करू. हमाल म्हणून नोंदवून दुसरंच काम घेतात, सरळ केस आहे.

"गिरीशभाऊ," ते म्हणाले, "अर्ज केला तर इन्साफ मिळेल, काम नाय मिळणार. मला अजून चार वर्षं काम पायजे. इन्साफ घेऊन मी काय करू?"

चार वर्षं कशासाठी, ते मला माहीत होतं. धाकटी मुलगी अफशाँ बारावी सायन्सला होती आणि तिला इंजिनिअर व्हायचं होतं. थोरल्या दोघींची लग्नं झाली होती. हिच्या शिक्षणापुरतं इथं टिकायचं आणि मग बिस्तरा गुंडाळायचा, एवढाच त्यांचा बेत होता.

गल्फवाल्याच्या सुट्टीला सुट्टी म्हणतात, ते म्हणणाऱ्यानं एकदा भोगून बघावं. दोन वर्षांतून दोन महिने. कादिरभाईंची एक सुट्टी वडिलांच्या मयतीत गेली, एक आईच्या मोतीबिंदूत, दोन पोरींच्या लग्नात आणि एक नुसती स्लॅबला पाणी मारण्यात. घरी असताना पाहुण्यांसारखं बसायचं आणि निघायच्या आदल्या दिवशी घरातलं कोण कुठल्या गोष्टीवरून हसतं ते कळायचं. अफशाँनं त्यांना एकदा फोनवर सुनावलं होतं. "अब्बा, तुम्ही दादाजानच्या मयतीला आलात, आपाच्या निकाहला आलात. माझ्यासाठी म्हणून कधी आलात?" कादिरभाईंनी हे मला सांगितलं तेव्हा हसत होते. पण आठ दिवसांत चार वेळा सांगितलं.

त्या वर्षी भारताचं यान चंद्रावर जाणार होतं. श्रीहरिकोट्याला आता साध्या माणसांनाही नाव नोंदवून उड्डाण बघता येतं, ही खबर अफशाँनं काढली. कादिरभाईंनी हो म्हटलं. माझ्याकडे येऊन मुद्दाम सांगून गेले. चोवीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडी 'फिरायला' हा शब्द आला.

ते वीस रमझानला निघाले. कफीलच्या, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा असतो त्या दुकानमालकाच्या कारकुनानं जाऊन परत यायच्या व्हिशाचा कागद छापून दिला. त्यावर हिजरी तारीख होती, वीस जिल्काद. त्याच्या आत जेद्दाला पाय लागला पाहिजे. नाही लागला तर कफीलनं मुदत वाढवायची. त्यानं नाही वाढवली तर सरकारी नोंद होते, 'बाहेर गेला, परतला नाही', आणि तीन वर्षं दार बंद. जाताना मी त्यांना म्हटलं, कागद जपा, दुकानाला आता माणूस जड झालाय. ते म्हणाले, मला ठाऊक नाय काय?

आमच्याकडे ईद झाली तेव्हा मी त्यांना फोन लावला. तिकडून म्हणाले, "तुमी शीरखुर्मा खा, आमचा आज रोजा हाय. इकडं चाँद अजून दिसायचाय." इकडचा चंद्र आणि तिकडचा चंद्र यांत एक दिवसाचं अंतर पडतं, हे गल्फच्या प्रत्येक माणसाला माहीत असतं. त्यावर आम्ही दरवर्षी तोच विनोद करतो आणि दरवर्षी हसतो.

जुलैच्या मध्यावर बापलेक चेन्नईमार्गे श्रीहरिकोट्याला पोचले. यान उभं होतं, माणसं जमली होती, आणि तासाभराचा अवकाश उरला असताना उड्डाण रद्द झालं. काहीतरी तांत्रिक बिघाड. परतीच्या रेल्वेत अफशाँ एक अक्षर बोलली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं कादिरभाई म्हणाले. मुंब्र्याला मेहुणीच्या घरी येऊन टेकले. वीस जुलैचं जेद्दाचं विमान होतं. अठराला बातमी आली, उड्डाण बावीसला दुपारी.

त्यांनी मला फोन केला. मी एका व्हिलाच्या गच्चीवर होतो. डोक्यावर ऊन, समोर जळालेला कॉम्प्रेसर, खाली बोंब मारणारा मालक. ते म्हणाले, "वीस जिल्काद म्हणजे चोवीस जुलै. बावीसला बघून चोवीसला पोचतो. बसतंय ना?" तारीख त्यांनी मेहुणीच्या भिंतीवरच्या मशिदीच्या कॅलेंडरवर बघितली होती. मोबाईल माझ्या कानाला होता आणि त्यात इथली हिजरी तारीख होती. मी म्हणालो, "बसतंय. बघून या."

तिकीट अफशाँनं बदललं. तिनं विचारलं होतं, तेवीसच्या पहाटेचं काढू की चोवीसच्या सकाळचं? शरफुन्निसाभाभी दाभोळहून सुका जवळा, कोकमं घेऊन तेवीसला मुंब्र्याला यायच्या होत्या. कादिरभाई म्हणाले, चोवीसचं काढ. तेवढीच तुझ्या आईची भेट.

उड्डाण झालं. त्याच दिवशी संध्याकाळी त्यांनी फोन करून सांगितलं. त्यांचं सांगणं साधं. आभाळ भरलेलं होतं. लांब झाडांच्या वर आग दिसली, पण आवाज नाही. यान ढगात शिरलं आणि दिसेनासं झालं, तरी आवाज येतच राहिला, छातीत. सगळं मिळून मिनिटभर. लोक मोबाईल वर धरून उभे होते. अफशाँनं मोबाईल काढलाच नाही. तिनं त्यांचं मनगट दोन्ही हातांनी धरलं होतं, इतकं घट्ट की घड्याळाचा पट्टा रुतला.

"लहानपणी असं कधी धरलं नव्हतं तिनं," ते म्हणाले. "म्हणजे धरलं असेल. मी नव्हतो."

चोवीसला सकाळी मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं पासपोर्ट घेतला, कॉम्प्युटरमध्ये बघितलं आणि म्हणाली, सर, तुमची मुदत काल संपली. सौदीत त्या दिवशी एकवीस जिल्काद होती. कागदावरची वीस ही सौदीच्या चंद्राची वीस होती आणि भिंतीवरची मुंबईच्या चंद्राची. दोन महिने घरच्या रोज्यानं रोजा आणि घरच्या ईदनं ईद केलेला माणूस, चंद्रही घरचाच धरून बसला. चोवीस वर्षांत असं झालं नव्हतं, कारण चोवीस वर्षांत तो कधी शेवटच्या दिवसापर्यंत थांबलाच नव्हता. आणि मी तर तारखांवर लोकांशी भांडणारा माणूस. कचेरीत मुदतीचा एक दिवस चुकला म्हणून कारकुनांची सालपटं काढणारा. मी कानाचा मोबाईल खाली घेऊन तारीख बघितली नाही.

ते विमानतळावरून फोनवर म्हणाले, "कफीलला बोला. तुमचं ऐकेल."

मी त्याच दुपारी दुकानात गेलो. कफीलनं बसवलं, अरबी कॉफीचा गहवा दिला, खजूर पुढे केले. मी म्हणालो, एक दिवसाची चूक आहे, तुमच्या मोबाईलवर दोन मिनिटांचं काम आहे, फी मी भरतो. त्यानं कादिरभाईंचं इतकं कौतुक केलं की तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मयताचं करतात तसं कौतुक. मग त्यानं मोबाईल उघडून मला सौदीकरणाच्या हिशेबात सरकारनं दुकानाला दिलेला रंग दाखवला. एक परदेशी माणूस कमी झाला की दुकान पिवळ्यातून हिरव्यात जाणार होतं. हिरव्यात असलं की नवीन व्हिसा मिळतो, तपासणीवाला त्रास देत नाही.

"मी त्याला काढलं नाही," तो म्हणाला. "अल्लाह साक्षी आहे. तो स्वतः गेला."

मी आवाज चढवला. चोवीस वर्षं, हमाल, रेडिएटरची खोकी, सगळं काढलं. माझं अरबी रागात जास्त चांगलं होतं. तो शांतपणे ऐकत राहिला. काउंटरवरच्या तिघांपैकी एक तरुण उठून आला आणि खाली बघत कफीलला म्हणाला, अम्मी कादिरला, म्हणजे कादिरचाचाला, आणा, आम्हाला अर्धे पार्ट सापडत नाहीत. कफीलनं त्याला हातानं बस म्हणून सांगितलं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "खलास, गिरीश. गहवा पी."

मी नाही प्यायलो. त्यानं काय होतं म्हणा.

खोलीवर ही बातमी पसरली. जमालुद्दीन म्हणून एक सुतार आहे, तो जेवताना बोलला, कादिर चंद्राचं रॉकेट बघायला थांबला आणि चंद्रानंच त्याला लाथ मारली. चारजण हसले. मी ताट ढकलून त्याच्या अंगावर गेलो, लोकांनी मला धरलं. खरं सांगायचं तर राग त्याच्यावर नव्हता.

मी दोन कचेऱ्या फिरलो, वकिलातीत तासन्तास बसलो. सगळीकडे एकच उत्तर, मुदत वाढवणं कफीलच्या मर्जीवर. मर्जीवर अर्ज करता येत नाही, कलम लावता येत नाही. महिन्याभरानं नोंद झाली. बाहेर गेला, परतला नाही.

त्या रात्री कादिरभाईंना फोन केला. त्यांना म्हणालो, चूक माझी आहे, मी बघायला हवं होतं. ते म्हणाले, तारीख मी सांगितली, तुमी कशाला घेता अंगावर. मग हळू आवाजात, बहुतेक दुसऱ्या खोलीत जाऊन, म्हणाले, "एक काम करा. अफशाँनं कधी विचारलं तर सांगा की मीच कंटाळलो होतो. तिकीट तिनं काढलंय ना. आणि थांबलो तिच्यापायी. तिच्या डोक्यात ते बसायला नको."

अफशाँ इंजिनिअरिंगला गेली नाही. रत्नागिरीत बीएस्सीला गेली. कादिरभाई दाभोळच्या जेटीवर बोटींची इंजिनं दुरुस्त करणाऱ्याकडे बसू लागले. त्यांची पेटी आणि कपडे मी एका जाणाऱ्या माणसाबरोबर पाठवले.

पुढच्या वर्षी ती दाभोळला घरी असताना तिचा मला फोन आला, दुपारी. नमस्कार काका म्हणाली आणि लगेच मुद्द्यावर आली. अब्बा स्वतःहून राहिले की त्यांना येऊ दिलं नाही?

मी आयुष्यात अधिकाऱ्यांच्या तोंडावर खरं बोललोय आणि त्याची किंमतही दिलीय. त्या दिवशी मी खोटं बोललो, आणि चांगलं बोललो. कादिरभाई गोदामाला विटले होते, म्हणालो. जातानाच मला सांगून गेले, आता परत येणार नाही. तुला बघायचं होतं त्यांना, बाकी काही नाही.

मागं कुठंतरी बोटीच्या इंजिनाचा आवाज येत होता.

"मग काका," ती म्हणाली, "ते रोज पहाटे फजरच्या नमाजानंतर माझ्या मोबाईलवर सौदीची व्हिसा तपासायची साइट उघडून इकामा नंबर का टाकतात?"