बिनधुराची चूल

माझे यजमान कुंभिवलीजवळच्या एका कारखान्यात सेफ्टीचं काम बघायचे. हेल्मेट न घालता आत शिरणाऱ्या मॅनेजरलाही आपण गेटवरून परत पाठवलं होतं, हे ते अजून सांगतात. त्यांच्या सबंध नोकरीत त्या कारखान्यात एकदाही आग लागली नाही. याचा त्यांना अभिमान होता आणि, मला वाटतं, थोडी हुरहूरही होती. आग विझवण्याची तालीम माणसाने किती वेळा घ्यायची! निरोप समारंभात सहकाऱ्यांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि लाल रंगाचं अग्निशामक नळकांडं दिलं. ते आमच्या देवघराशेजारी टांगलंय.

निवृत्तीनंतर आम्ही पोशीर गावातल्या आमच्या घरामागे, भातशेतीकडे तोंड करून, पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी मुंबईची माणसं येतात, बांधावर उभं राहून फोटो काढतात, जेवतात आणि दुपारी झोपतात. स्वयंपाक माझ्याकडे. फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला, "काकू, जेवण चुलीवरचं ना?"

माझ्या सासूबाईंना, म्हणजे आईंना, हा प्रश्न समजतच नाही. त्यांचं निम्मं आयुष्य चुलीपुढे गेलं आणि तिथला खोकला अजून त्यांच्या छातीत आहे. घरात पहिला गॅस आला तेव्हा त्यांनी सिलिंडरला हळदकुंकू लावून सवाष्णी जेवू घातल्या होत्या.

"फ्लॅटमदी ऱ्हातात, एसीत झोपतात, आन् यांना चूल पायजे?" त्या म्हणायच्या. "मग आमी काय पाप केलं व्हतं?"

अंगणात मांडवाखाली आमची एक चूल होती, पण ती हिवाळ्यापुरती. पाहुण्यांचा हंगाम नेमका पावसाळ्यात, धबधब्यांच्या दिवसांत. ओल्या लाकडांवर फुंकर घालून माझे डोळे सुजायचे, आणि पाहुणे खिडकीतून म्हणायचे, "काय सुंदर वास येतोय!"

अशातच यजमानांना कळलं, की खालापूरकडच्या एका बंगल्याचे मालक बंगला विकताहेत आणि त्यांना हौसेने परदेशातून आणलेली लोखंडी चूल काढून टाकायची आहे. बघायला गेले आणि टेंपोतून घेऊनच आले. ओतीव लोखंडाची, काळीकुट्ट, छोट्या कपाटाएवढी. वर भांडी ठेवायला दोन जाड तवे, समोर लाकूड घालायचं दार, शेजारी भाजायची भट्टी, खाली राखेचा खण आणि मागे धुराड्यासाठी भोक. सगळा धूर त्या भोकातून छपरावर जाणार. म्हणजे पाहुण्यांना चुलीवरचं जेवण, मला पावसात कोरडी जागा आणि आईंना मोकळा श्वास. कल्पनेत काही खोट नव्हती.

सासूबाईंनी तिला सगळीकडून प्रदक्षिणा घातली. "ह्ये तर इंजिन हाय. माथेरानच्या गाडीचं सोडवून आणलंस का रं?"

मला वाटलं होतं, उद्या-परवा चूल पेटेल. पण माझ्या घरात राहणाऱ्या माणसाने उभ्या जन्मात कुठलीही गोष्ट तपासणीशिवाय पेटू दिलेली नव्हती. चूल पडवीत उभी राहिली आणि तिथेच राहिली. आईंनी तिच्यावर भोपळे ठेवायला सुरुवात केली.

आधी जमीन. यजमानांनी स्वयंपाकघरातली लादी बोटांनी वाजवून बघितली आणि ती पोकळ वाजते असं जाहीर केलं. एवढ्या वजनाने ती बसली तर धुराड्याचे सांधे सुटतील, म्हणून लादी उखडली, खालची माती ठोकली, काँक्रीट ओतलं. ते वाळेपर्यंत मी पडवीत, भोपळ्यांच्या शेजारी, स्वयंपाक केला.

मग भिंत. त्यांनी खडू घेतला आणि चूल येणार होती त्या जागेभोवती जमिनीवर आणि भिंतीवर एक मोठी रेघ ओढली. "या रेघेच्या आत जळणारी एकही वस्तू नको," म्हणाले. रेघेच्या आत मसाल्यांची लाकडी फळी होती, प्लॅस्टिकचे डबे होते, खिडकीचा पडदा, कांद्यांची टोपली, कॅलेंडर, आईंचा बसायचा पाट आणि अर्थात गॅसचा सिलिंडर. थोडक्यात, माझं निम्मं स्वयंपाकघर होतं.

"मग मी उभी कुठे राहू?" मी विचारलं. "जळते तर मीपण."

त्यांनी विचार केला. "तुला बाजूला होता येतं," म्हणाले.

सिलिंडर पलीकडच्या भिंतीला गेला, डबे कोठीच्या खोलीत गेले. पोहे करताना मोहरीसाठी एक फेरी आणि हळदीसाठी दुसरी, असं माझं चालणं वाढलं. सुरक्षिततेचा हा पहिला फायदा.

चूल एकदाची आत आली, भोपळे पुन्हा तिच्यावर चढले, आणि धुराड्याचं काम नेरळच्या एका फॅब्रिकेटरकडे दिलं. तो हसतमुख होता आणि त्याच्याकडे प्रत्येक अडचणीवर सोपा उपाय होता. "काका, छपराला भोक कशाला? एल्बो टाकतो, खिडकीतून बाहेर काढतो. दुपारपर्यंत मोकळे."

"वळणात काजळी साठते," यजमान म्हणाले. "काजळीने पेट घेतला की पाइप लालभडक होतो. सरळ वर न्यायचा."

"सरळ वर वासा येतो."

"म्हणजे चूल सरकवायची."

चूल सरकली. तिच्याबरोबर खडूची रेघ सरकली आणि उरलेल्या स्वयंपाकघरातलं आणखी थोडं माझ्या हातून गेलं. तरी वासा यजमानांच्या समाधानाइतका लांब जाईना, म्हणून छपरापाशी पाइपाभोवती दुसरा मोठा पाइप घातला आणि मधल्या जागेत भट्ट्यांना लावतात ती आग न धरणारी लोकर ठासली. सिमेंटच्या पत्र्याला भोक पडलं, त्याभोवती पाणी अडवायला पत्र्याची कॉलर बसली, वर टोपी आली. धुराडं आढ्यापेक्षा उंच हवं, नाहीतर वारा धूर परत खाली ढकलतो. ते इतकं उंच झालं, की रस्त्याने जाणारी माणसं बेकरी कधी सुरू होणार म्हणून चौकशी करू लागली. शेजारणीने तर पावाची आगाऊ मागणी नोंदवली.

शेवटी तो दिवस आला. पाहुणे नव्हते, बाहेर पाऊस होता. आईंनी भोपळे उतरवून चुलीला हळदकुंकू लावलं होतं. यजमानांनी आधी कागदाचे बोळे पेटवून धुराडं गरम केलं, मग बारीक काटक्या, मग फोडलेलं सुकं लाकूड. धूर सुर्रकन वर गेला. ते छत्रीसुद्धा न घेता अंगणात धावले आणि टोपीखालून निघणारा धूर बघून एकट्यानेच टाळ्या वाजवू लागले. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना असं भिजताना पहिल्यांदा पाहिलं.

मी पिठलं टाकलं. पावसाची झड आत येत होती म्हणून दार लावून घेतलं, खिडकीही लावली. फोडणीचा ठसका उठला, तसा हात सवयीने भिंतीवरच्या बटणाकडे गेला आणि मी एक्झॉस्ट पंखा सुरू केला.

थोड्या वेळाने तव्यांच्या कडांमधून धूर झिरपायला लागला. मग चुलीच्या दाराच्या फटीतून. यजमान आत आले आणि गुडघ्यावर बसून सांधे तपासू लागले. माझं डोकं जड झालं होतं, पण तो आनंदाचा दिवस होता म्हणून मी बोलले नाही. आई कोपऱ्यात बसल्या होत्या.

"सांधा तर पक्का आहे," यजमान म्हणाले. "मग हे येतंय कुठून?"

"दार उघड गं आदी!" आई ओरडल्या. "मग बघा काय बघायचं त्ये!"

मी दार उघडलं आणि आईंना धरून पडवीत आणलं. त्यांना खोकल्याची अशी उबळ आली, की बोलता येईना. मी पाठ चोळत राहिले. त्यांचा हात माझ्या मनगटावर घट्ट होता आणि ओठ पांढरे पडले होते. तेवढा वेळ मला दुसरं काही सुचलं नाही. ज्या छातीसाठी हा सगळा उद्योग मांडला होता, तीच आम्ही धुराने भरून ठेवली होती. यजमान निखाऱ्यांवर राख ओढून बाहेर आले आणि आईंसमोर उकिडवे बसले.

श्वास थाऱ्यावर आल्यावर आई म्हणाल्या, "तुज्या कारखान्यात काय जळलं कसं नाय, त्याचंच मला नवल वाटतं."

दुसऱ्या दिवशी, सगळं थंड झाल्यावर, यजमानांनी चुलीत पुन्हा थोडासा जाळ केला, उदबत्ती पेटवली आणि तिच्या तोंडाशी धरून बसले. आईंना वाटलं, लेक आता देवाला शरण गेला. पण ते उदबत्तीचा धूर कुठे जातो ते बघत होते. तो सरळ चुलीत ओढला जात होता, अगदी शहाण्यासारखा. दारं-खिडक्या लावल्या, तरी जेमतेम जात होता. मग त्यांनी मला पंखा लावायला सांगितला, आणि धुराची रेघ उलटी वळून त्यांच्या तोंडावर आली. बंद खोलीतली हवा पंखा बाहेर फेकत होता. ती भरून काढायला दुसरी वाट नव्हती, म्हणून धुराड्यातून हवा खाली येत होती आणि धूर सोबत आणत होती. लादी, भिंत, वासा, कॉलर, सगळं तपासून झालं होतं. श्वास घ्यायला हवा कुठून येणार, हे तेवढं राहिलं होतं.

पंखा त्याच दिवशी उतरवला. भिंतीत खाली एक जाळी बसवली, जी कोणी कधी झाकायची नाही. शिवाय विषारी वायू साठला की ओरडणारं एक यंत्र मागवलं. धूर निदान दिसतो आणि खोकायला लावतो. हा वायू तेवढीही सूचना देत नाही. यंत्र लावल्यावर दिवेलागणीला आईंनी नेहमीसारखा निखाऱ्यांवर धूप घातला आणि घरभर फिरवला. यंत्राने असा गळा काढला, की शेजारीण धावत आली. तेव्हापासून धूप अंगणातच. देव आणि यंत्र यांच्यात एवढा समझोता झाला.

मग पाहुणे आले. दोन जोडपी होती, बरोबर मुलं. यजमानांनी त्यांना चूल दाखवली, रेघ दाखवली, जाळी दाखवली. त्यांनी सभ्यपणे ऐकून घेतलं. जेवताना एक बाई म्हणाल्या, "काकू, कोंबडी छानच झालीय. पण तो चुलीचा वास येत नाहीये."

"धूर सगळा वर जातो," यजमान आनंदाने म्हणाले.

"हो ना," बाई म्हणाल्या. "आम्ही त्या धुरासाठीच आलो होतो."

त्यांनी घरी गेल्यावर इंटरनेटवर आमच्याविषयी लिहिलं. जागा स्वच्छ, माणसं प्रेमळ, जेवण उत्तम, पण चूल खरी नाही. पुढच्या फोनवर विचारणा झाली, "चूल ती लोखंडी पेटी नाही ना?"

यजमानांनी ते लिहिलेलं दोन दिवस पुन्हा पुन्हा वाचलं. मग स्वतःच अंगणात गेले आणि मांडवाखालची जुनी चूल सारवायला लागले. मांडवावर नवा पत्रा घातला, पेंढा लांब हलवला आणि शेजारी वाळूची बादली ठेवली. ठरलं असं, की सगळा स्वयंपाक आत इंजिनावर होणार आणि अंगणात मी आतलं रश्श्याचं पातेलं शेजारी ठेवून नुसती एखादी भाकरी थापणार, फोटोपुरती.

व्यवस्था सगळ्यांना आवडली. भाद्रपदातल्या एका दुपारी एका पाहुणीला स्वतः भाकरी उलटायची हौस आली. नवरा व्हिडिओ काढत होता. "बाई, ओढणी खोचा," मी दोनदा म्हटलं. ती कॅमेऱ्याकडे बघून हसत होती. ठिणगी उडाली आणि ओढणीच्या टोकाने पेट घेतला.

मी हात पुढे करेपर्यंत यजमान तिथे होते. त्यांनी ओढणी एका झटक्यात खांद्यावरून काढली, जमिनीवर टाकली आणि बादलीभर वाळू ओतली. तिच्या अंगाला आच लागली नाही. बाकी वाळू सगळीकडे गेली, भाकरीवर, रश्श्याच्या पातेल्यात आणि तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर.

नवऱ्याने आधी मोबाइल झटकला. मग म्हणाला, "अहो, थोडं बघून टाकायचं ना. कोंबडी गेली."

यजमानांना ते ऐकू आलंसं वाटलं नाही. ते रिकामी बादली धरून उभे होते आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता, की मला बघवेना आणि नजरही हलवता येईना. बाई मात्र थरथरत होती. मी तिला आत स्वयंपाकघरात नेऊन पाणी दिलं. ती म्हणाली, "काकू, मी इथेच बसू का थोडा वेळ? इथे छान उबदार आहे." आमची लोखंडी पेटी आवडलेली ती पहिली पाहुणी.

अंगणातली चूल अजून आहे, पण तिच्याजवळ आता फक्त मी जाते. पाहुण्यांनी दोरीच्या पलीकडून बघायचं. त्यांना तेही खरं वाटतं.

इंजिनाचा ताबा आईंनी घेतला आहे. त्यांच्यासाठी रेघेच्या बाहेर लोखंडी खुर्ची ठेवलीय, तिच्यावरून त्या हुकूम सोडतात. खोकला गेला नाही, एवढ्या वर्षांचा तो जाणार कसा? पण पावसाळ्यात झोप लागते असं म्हणतात. मागच्या आठवड्यात त्यांनी भट्टीत सुके बोंबील भाजले. स्वयंपाकघरात वासाचा पत्ता नव्हता, सगळा धुराड्यातून निम्म्या गावावर गेला. शेजारीण दारात येऊन म्हणाली, "आज बोंबील वाटतं?"

"आता काय लपवून खायची सोय नाय ऱ्हायली," आई म्हणाल्या आणि तिच्यासाठी ताट वाढायला मला सांगितलं.